तालीम सुटल्यानंतरचे आरोग्य

सातारा व सांगली या जिल्ह्यांना कुस्तीची थोर परंपरा लाभली आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, तर १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक पटकाविणारे मारुती माने सांगली जिल्ह्यातील कवठेपिरानचे. अशा भागात पिळदार शरीर म्हणजेच आरोग्य, ही समजूत रूढ होणे स्वाभाविक आहे. परंतु संसाराच्या व्यापात तालीम सुटली आणि खुराक मात्र तसाच राहिला, की पोट सुटू लागते. त्याबरोबर शरीरात घडणारे बदल समजून घेणे अगत्याचे आहे.

टेस्टोस्टेरॉन हे पुरुष-संप्रेरक मुख्यत्वे वृषणांत, मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या आज्ञेने तयार होते. त्यामुळे स्नायू बळकट राहतात, आणि जेवणानंतर रक्तात येणारी बरीचशी साखर स्नायूच शोषून घेतात. पोटात चरबी साठली, की या संप्रेरकाचे प्रमाण घटते. प्रमाण घटले, की स्नायू रोडावतात, चरबी आणखी वाढते आणि इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो. हे दुष्टचक्र मधुमेहाकडे नेते.

यावर इंजेक्शन हा सोपा उपाय वाटेल. ऑस्ट्रेलियात मधुमेहाचा धोका असलेल्या १,००७ पुरुषांवर झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सर्वांनाच वजन घटविण्याचा कार्यक्रम दिला होता. जोडीला टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांपैकी दोन वर्षांनी १२ टक्के, तर न घेणाऱ्यांपैकी २१ टक्के पुरुषांना मधुमेह आढळला. मात्र औषध घेणाऱ्या सुमारे पाचांतील एकाचे रक्त प्रमाणाबाहेर दाट झाले. शिवाय संप्रेरक बाहेरून मिळू लागले, की पीयूषिका ग्रंथीची आज्ञा थंडावते व शुक्रजंतू घटतात. शरीर कमावण्यासाठी परस्पर इंजेक्शन घेणारा तरुण आपले पितृत्वच धोक्यात घालतो. सकाळी, दोन वेगळ्या दिवशी केलेल्या रक्ततपासणीवाचून आणि डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून हे औषध घेऊ नये.

वजन उतरले, की बहुधा संप्रेरकाचे प्रमाणही सुधारते. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरपेक्षा अधिक असणे ही धोक्याची सूचना होय. तिशीनंतर रक्तातील साखर व रक्तदाब यांची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य होते. शिक्षकांनी ही माहिती पालकांपर्यंत पोहोचवावी. गावच्या तालमीत चाळिशीतील पुरुषांसाठी पहाटेची वेळ राखून ठेवणे तर कोणत्याही ग्रामपंचायतीला शक्य आहे.