मोटार मधूनच बंद पडते? आधी वायर तपासा, मग पंप बदला



घोडपदेव, भायखळा, लालबाग या भागांत आपल्यापैकी पुष्कळांचे पाहुणे राहतात. त्यांनी दहा-बारा वर्षं वापरलेली पेट्रोलची मोटार कधी कधी गावाकडं येते. दिसायला ठाकठीक असते. पण एखाद्या दिवशी भर रस्त्यात अचानक बंद पडते आणि अर्ध्या तासानं आपोआप चालू होते. गॅरेजात न्यावी, तर तिथं बिनतक्रार चालते! मग अंदाजानं पंप बदलला जातो, पैसे जातात आणि दुखणं तसंच राहतं. हीच गाडी घाटात किंवा रेल्वे फाटकावर बंद पडली तर जिवाशी खेळ होतो. म्हणून हा दोष कसा पकडावा ते नीट समजून घ्या.

टाकीतली पाणबुडी मोटर

विहिरीतली पाणबुडी मोटर तुम्हांला ठाऊक आहे. इंजेक्शन पद्धतीच्या पेट्रोल गाडीतही तसाच एक विजेचा पंप टाकीत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. विहिरीवर जसा स्टार्टर, तसा इथं रिले. किटकॅटच्या जागी छोटा फ्यूज. बॅटरीची वीज फ्यूजमधून रिलेत, रिलेतून पंपात आणि पंपातून अर्थिंगच्या तारेनं परत बॅटरीकडं जाते. रिलेला हुकूम गाडीचा संगणक देतो. चावी फिरवली की बहुतेक गाड्यांत पंप दोनेक सेकंद घरघरतो आणि थांबतो. इंजिन फिरू लागलं की पुन्हा चालू होतो.

या वाटेवर एखादा सांधा सैल झाला की वीज कधी जाते, कधी जात नाही. घोडपदेव गोदीच्या अंगाला आहे. तिथल्या खाऱ्या, दमट हवेनं कपलरच्या पितळी टोकांवर हिरवा-पांढरा थर धरतो. गावी आल्यावर खड्ड्यांचे हादरे बसतात, उंदीर वायर कुरतडतात. पुरात उभी राहिलेली गाडी असेल तर विचारूच नका. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाडीच्या कपलरमध्ये शिरलेलं पाणी पुढं कित्येक महिन्यांनी त्रास देतं. जुनी गाडी घेताना सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा. आत गाळाची रेघ दिसली तर सावध व्हा.

दोष हजर असतानाच पकडा

१. वही ठेवा. गाडी बंद पडली तेव्हा ऊन किती होतं, टाकीत पेट्रोल किती होतं, खड्डा लागला होता का, किती वेळानं चालू झाली, हे लिहा. तापल्यावर बंद आणि निवल्यावर चालू, असं असेल तर पंप, रिले किंवा इंजिनाचा सेन्सर यांवर संशय घ्या. खड्ड्यात बंद पडत असेल तर सैल सांधा शोधा.

२. गाडी बाजूला घ्या, चावी बंद करून पुन्हा फिरवा आणि मागच्या सीटपाशी कान द्या. घरघर आली नाही, तर बहुधा वीज पंपापर्यंत पोचत नाही किंवा पंपच अडकला आहे. डॅशबोर्डवरचे सगळेच दिवे गेले असतील तर आधी बॅटरीची टोकं आणि चावीचा स्विच बघा.

३. दोष वारंवार येत असेल तर जाणत्या वायरमनकडून रिलेतून पंपाकडं जाणाऱ्या तारेवर लहान फ्यूज लावून १२ व्होल्टचा छोटा दिवा जोडून घ्या आणि तो चालकापुढं ठेवा. गाडी बंद पडते त्याच क्षणी त्याकडं बघा. दिवा विझला, तर दोष रिले, फ्यूज, चावी किंवा सेन्सरच्या बाजूला आहे. दिवा जळतोय आणि तरी इंजिन थांबलं, तर रिलेच्या पुढची तार, कपलर, अर्थिंग, पंप किंवा फिल्टर तपासा. ठिणगीची बाजूही तपासायला सांगा. निम्मा शोध इथंच संपतो.

४. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून बघा. दोष हॉर्नकडं गेला, तर रिलेच खराब.

५. इंजिन चालू ठेवून वायरिंगचे गठ्ठे हलक्या हातानं हलवून बघा. पंखा आणि पट्ट्यापासून हात लांब ठेवा.

अर्ध्या व्होल्टचा हिशेब

तारेचे चार धागे तुटून एकच उरला, तरी भार नसताना मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. भार आला की ते कोसळतं. आपल्या पंपावरच्या केबलचंही तसंच, नाही का? म्हणून मोजमाप पंप चालू असतानाच घ्यायचं. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं पंपाच्या कपलरच्या प्लस तारेवर. नंतर तसंच मायनसच्या बाजूला. कोणत्याही बाजूला अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं, तर त्या बाजूचा सांधा खराब आहे असं समजा. तिथं पंप बदलून काही उपयोग नाही. टोकं साफ करा, अर्थिंग घासून घट्ट करा. काही नव्या गाड्यांत संगणक पंपाचा वेग कमी-जास्त करतो. तिथं कंपनीच्या पुस्तकाप्रमाणंच तपासावं.

हे करू नका

– पेट्रोलजवळ तार घासून ठिणगी पाडून बघू नका. विडी-काडी लांब ठेवा.
– फ्यूजच्या जागी जाड तार घालू नका. वायरिंग पेटतं.
– संगणकाच्या बारीक तारांना सुई टोचू नका.
– काटा सतत तळाला ठेवून गाडी चालवू नका. पंपाला पेट्रोलच थंड ठेवतं. विहीर आटल्यावर मोटर जळते, तसंच हे.
– जुन्या डिझेल जीपमध्ये पंपावर विजेचा सोलेनॉइड असतो. चावी फिरवल्यावर तिथं ‘टक’ आवाज येतो का ऐका. नव्या डिझेल गाडीची नळी मात्र चालू इंजिनावर सोडू नका. आतला दाब हजार बारच्या वर असतो. फवारा कातडीत घुसतो.

तेव्हा मंडळी, गॅरेजात जाताना वही आणि हे पत्रक सोबत न्या. मिस्त्रीला सांगा: ‘‘आधी व्होल्टेज मोजून दाखवा, मग पंप बदलू.’’