आधी कुणाला विचारायचं? जुन्या लॅपटॉपचा बूट क्रम

विंडोज १० ची नियमित देखभाल मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली आणि कितीतरी धडधाकट लॅपटॉप अडचणीत आले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते, प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो. २०११ सालच्या लेनोवो थिंकपॅड टी४२० मध्ये यातलं काही नाही. पण त्याचा कीबोर्ड आजही हाताला सुख देतो आणि बिजागऱ्या घट्ट असतात. असं यंत्र भंगारात द्यावं हे मला पटत नाही. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही कार्यप्रणाली घातली, तर लिहिणं-वाचणं, मेल, हिशेब ही कामं ते अजून काही वर्षं निभावेल.

अडतं ते पहिल्याच पायरीवर. लिनक्स घालण्यासाठी पेनड्राइव्ह तयार करून लावला, बटण दाबलं आणि समोर पुन्हा तेच विंडोज. मग पेनड्राइव्ह खराब असणार म्हणून दुसरा आणला जातो. खरं तर लॅपटॉपनं त्या पेनड्राइव्हला काही विचारलेलंच नसतं.

बटण दाबतो त्या क्षणी प्रोसेसरला विंडोज म्हणजे काय, हार्ड डिस्क कुठे आहे, यातलं काही ठाऊक नसतं. रॅम रिकामी असते. मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये कायमचा ठेवलेला प्रोग्रॅम तेवढा हाताशी असतो, तोच बायॉस. तो आधी मेमरी, कीबोर्ड, पडदा तपासतो. मग साठवून ठेवलेली एक यादी काढतो आणि लग्नाची आमंत्रणं द्यायला निघालेल्या माणसासारखा क्रमानं एकेका दारात जातो: डीव्हीडी, हार्ड डिस्क, यूएसबी, नेटवर्क. फरक एवढाच, की ज्या घरातून पहिला होकार येतो तिथेच त्याची फेरी संपते. हार्ड डिस्क यादीत वर असेल आणि तिच्यावर चालू विंडोज असेल, तर खालच्या पेनड्राइव्हपर्यंत तो पोहोचतच नाही.

हा होकार कसा ओळखायचा, हे मला या सगळ्या व्यवस्थेत सर्वात देखणं वाटतं. बायॉस त्या डिस्कचा अगदी पहिला सेक्टर वाचतो. त्यात ५१२ बाइट असतात. शेवटचे दोन बाइट सोळा-अंकी पद्धतीत ५५ आणि एए असे असले, की तो सेक्टर यंत्र सुरू करून देणारा मानला जातो. मग तो मेमरीत ७सी०० या पत्त्यावर ठेवायचा आणि सूत्रं त्याच्या हाती द्यायची. हा पत्ता १९८१ च्या आयबीएम पीसीपासून चालत आला आहे. डिस्कवर फोटो आहेत की हिशेब, विंडोज आहे की लिनक्स, याच्याशी बायॉसला देणंघेणं नसतं.

म्हणूनच लिनक्सची डाउनलोड केलेली आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही. फाइल आत जाते, पण पहिल्या सेक्टरमध्ये सुरुवात करून देणारा कोड येत नाही. रूफस किंवा बलेना एचरसारखं साधन ते काम करतं. हे करताना पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, तेव्हा फोटो वगैरे आधी दुसरीकडे काढून घ्यावेत.

आता प्रत्यक्ष टी४२० समोर घेऊ. लॅपटॉप पूर्ण बंद करा. चार्जर जोडलेला ठेवा, पेनड्राइव्ह आधीच लावा. बटण दाबून लेनोवोचं चिन्ह दिसू लागताच एफ१ दाबा. एकदाच दाबून वाट पाहण्यापेक्षा हलके-हलके दाबत राहणं बरं. बायॉसचा पडदा उघडतो. इथे माउस विसरायचा, बाणाच्या कळांनी फिरायचं. वरच्या पट्टीत ‘स्टार्टअप’वर जा, त्यात ‘बूट’ निवडा. यादी समोर येते.

या यादीतली नावं घाईत वाचू नका. ‘यूएसबी एफडीडी’ म्हणजे यूएसबीवरचा फ्लॉपी ड्राइव्ह, ‘यूएसबी सीडी’ म्हणजे बाहेरून जोडलेला सीडी ड्राइव्ह. आपला पेनड्राइव्ह बहुधा ‘यूएसबी एचडीडी’ या नावाखाली असतो, कारण बायॉसच्या लेखी तो छोटी हार्ड डिस्कच आहे. ‘यूएसबी’ एवढंच पाहून एफडीडी वर नेणारे पुष्कळ असतात. योग्य ओळीवर जाऊन अधिकची कळ दाबली, की ती ओळ वर सरकते; वजाची कळ तिला खाली नेते. ओळ दिसतच नसेल तर खाली वगळलेल्या साधनांची वेगळी यादी असते, तिथे पाहा. शेवटी एफ१० दाबून ‘येस’ म्हणा. एस्केप दाबून तसेच बाहेर पडलात, तर बदल साठवला जात नाही.

एवढं करूनही पेनड्राइव्ह दुर्लक्षित राहिला, तर त्याच ‘स्टार्टअप’मधली ‘यूईएफआय/लेगसी बूट’ ही ओळ पाहा. टी४२० हे संधिकाळातलं यंत्र आहे. त्याला जुनी आणि नवी दोन्ही पद्धती येतात. नव्या यूईएफआय पद्धतीत पहिल्या सेक्टरला महत्त्व नसतं. तिथे फॅट पद्धतीच्या विभागातली ठरावीक फाइल शोधली जाते. पेनड्राइव्हवर ती ‘ईएफआय’ फोल्डरमधल्या ‘बूट’ फोल्डरमध्ये असते. पेनड्राइव्ह एका पद्धतीनं बनवलेला आणि यंत्र फक्त दुसऱ्या पद्धतीवर ठेवलेलं असेल, तर दोघांची गाठ पडत नाही. ‘बोथ’ हा पर्याय ठेवला की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो.

इतर कंपन्यांत कळ बदलते, तत्त्व तेच. डेल आणि एसरवर सहसा एफ२, एचपीवर एस्केप आणि मग एफ१०, आसुसवर एफ२. काही बायॉसमध्ये सगळ्या हार्ड डिस्क एका गटात असतात आणि पेनड्राइव्हही त्याच गटात लपलेला असतो. तिथे आधी तो गट उघडून आतला क्रम बदलावा लागतो. विंडोज ८ किंवा १० असेल तर बंद करण्याऐवजी रीस्टार्ट करून कळ दाबा. फास्ट स्टार्टअपमुळे ‘शट डाउन’ हे पूर्ण बंद होणं नसतं.

बायॉसला घाबरण्याचं कारण नाही. क्रम बदलल्यानं एकही फाइल पुसली जात नाही. मात्र हार्ड डिस्कच्या जोडणीची, म्हणजे साटाची, ‘एएचसीआय’ ही ओळ चालू विंडोज असलेल्या यंत्रात उगाच बदलू नका, निळा पडदा येऊन विंडोज उघडेनासं होऊ शकतं. पासवर्डच्या ओळींनाही हात लावू नका. डिस्कवर बिटलॉकर हे विंडोजचं कुलूप असेल, तर क्रम बदलल्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती आधी शोधून लिहून ठेवा.

खरं सांगायचं तर एकदाच पेनड्राइव्हवरून सुरू करायचं असेल, तर कायमचा क्रम बदलूच नये असं माझं मत आहे. चालू करताना टी४२० वर एफ१२ दाबा, एचपीवर एफ९. तेवढ्या एका वेळेपुरती यादी येते, त्यातून निवडायचं. बाहेरचं साधन कायम पहिलं ठेवण्याचा धोका जुना आहे. १९९१ मध्ये सापडलेला मायकेलॅंजेलो व्हायरस ड्राइव्हमध्ये विसरलेल्या फ्लॉपीवरून यंत्र सुरू झालं की हार्ड डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये शिरायचा आणि ६ मार्चला माहितीवर घाला घालायचा. म्हणून लिनक्स घालून झालं, की हार्ड डिस्क पुन्हा पहिल्या जागी आणावी.

लावलेला क्रम टिकतच नसेल आणि दर वेळी तारीखही मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला आहे. तो सहसा सीआर२०३२, ३ व्होल्टचा असतो; लॅपटॉपमध्ये बहुधा दोन तारा आणि छोटा कनेक्टर लावलेला मिळतो. घेताना जुना सेल दुकानदाराला दाखवा, कारण कनेक्टर जुळला नाही तर तो बसत नाही. बदलताना चार्जर आणि मोठी बॅटरी दोन्ही काढून ठेवा. मग आधी तारीख-वेळ लावा, त्यानंतर क्रम, आणि एफ१०.