विटाळ, शुद्धी आणि प्रयोगशाळेची साक्ष

पाणी शुद्ध की अशुद्ध, हे ठरविण्याचा अधिकार आपल्या देशात शतकानुशतके रूढीकडे होता. २० मार्च १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले आणि त्यांच्यामागून हजारोंनी ओंजळ भरली. तळे बाटले असे ठरवून सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध व दही मिसळलेल्या १०८ घागरी मंत्रोच्चारात त्यात ओतल्या आणि तळे ‘शुद्ध’ झाल्याचे जाहीर केले. हा प्रसंग आपण सामाजिक इतिहास म्हणून वाचतो. जीवाणुशास्त्राच्या नजरेने वाचल्यास त्याचा आणखी एक अर्थ उलगडतो.

जर्मनीतील म्युनिक येथे बालकांच्या विष्ठेचा अभ्यास करताना थिओडोर एशेरिश यांनी १८८५ मध्ये एका जीवाणूचे वर्णन केले. तोच आजचा ‘ई-कोलाय’. माणूस, गाय, म्हैस अशा उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यांत तो कोट्यवधींच्या संख्येने नांदतो. त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी असले, तरी पाण्यात तो आढळणे म्हणजे ताजी विष्ठा मिसळल्याचा पुरावा होय. पटकी, विषमज्वर, कावीळ यांचे जंतू पाण्यात अल्प असतात, अधूनमधून येतात आणि प्रत्येकासाठी निराळी तपासणी लागते. म्हणून धुरावरून अग्नीचे अनुमान करावे, तसे ई-कोलायवरून धोक्याचे अनुमान केले जाते. अशा जीवाणूंना ‘निदर्शक जीवाणू’ म्हणतात.

त्यांना शोधण्याची जुनी व विश्वसनीय रीत परीक्षानळ्यांची आहे. लॅक्टोज ही दुधातील साखर असलेल्या द्रावणाच्या अनेक नळ्यांत पाण्याचे १०, १ आणि ०.१ मिलिलिटर असे उतरते भाग घालतात. प्रत्येक नळीत एक इवली नळी उलटी ठेवलेली असते. ३७ अंश सेल्सिअसच्या उबेत ४८ तासांपर्यंत कोलिफॉर्म जीवाणू ती साखर आंबवतात आणि उलट्या नळीत वायूचा बुडबुडा साचतो. किती नळ्यांत वायू आला, हे ठरावीक तक्त्याशी ताडून १०० मिलिलिटरमधील जीवाणूंची ‘सर्वाधिक संभाव्य संख्या’ काढतात. काही कोलिफॉर्म मातीतही असतात. म्हणून पुढे ४४ अंशांवर पुन्हा परीक्षा घेऊन ई-कोलायची खात्री करतात.

दुसऱ्या रीतीत १०० मिलिलिटर पाणी ०.४५ मायक्रॉन छिद्रांच्या पटलातून गाळतात. जीवाणू पटलावर अडकतात. ते पटल पोषक माध्यमावर ठेवले की दुसऱ्या दिवशी उमटलेल्या वसाहती मोजता येतात. सांडपाण्यात मात्र जीवाणू इतके असतात, की नमुना प्रथम दहापट, शंभरपट, हजारपट असा विरळ करावा लागतो. खेड्यापाड्यांसाठी ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये सोपी बाटली सुचविली. तिच्यात पाणी भरून ठेवले आणि ते काळे पडले, तर विष्ठेची शंका घ्यावी. ही बाटली संख्या सांगत नाही. म्हणून शंका आल्यास प्रयोगशाळा गाठावीच.

आता महाडकडे पुन्हा पाहा. शेणात ई-कोलाय विपुल असतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात तो मुळीच आढळता कामा नये. ‘शुद्धी’नंतर लगेच त्या तळ्याचा नमुना तपासला असता, तर घागरींनीच पाणी दूषित केल्याची साक्ष नळ्यांनी दिली असती. माणसाच्या ओंजळीत रूढीने जो विटाळ पाहिला, तो दाखविणारी कोणतीही परीक्षानळी नाही.

आपल्या पालीजवळ बिंदुसरेचे धरण आहे. हीच नदी पुढे बीड शहरातून वाहते आणि तिच्यात सांडपाणी मिसळते. पाणी स्वच्छ दिसते, एवढ्यावर विसंबून चालत नाही, हे आपण जाणतोच. ग्रामपंचायतींच्या जलस्रोतांना जोखमीनुसार लाल, पिवळे वा हिरवे कार्ड दिले जाते. आपल्या गावाचे कार्ड कोणते आणि शेवटचा अहवाल काय, हे विचारण्याचा प्रत्येक नागरिकाला हक्क आहे.

मात्र अहवाल खरा असतो तो बाटलीत भरलेल्या तेवढ्याच पाण्यापुरता. बाटली प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुकच हवी, ती विसळू नये, झाकणाच्या आतल्या बाजूस बोट लावू नये आणि नमुना थंड ठेवून शक्यतो सहा तासांत पोहोचवावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो कोठून घेतला. पाणी जसे दूर जाते, तसा त्यातील क्लोरीन ओसरतो आणि वाटेतल्या गळक्या जोडांतून घाण शिरते. म्हणून टाकीखालच्या नळाबरोबरच वस्तीच्या टोकाच्या नळाचाही नमुना गेला पाहिजे. अनेक गावांत ते टोक कोणाच्या दारात असते, हे वाचकांना सांगणे नलगे. निवासी शाळेत तर शेकडो मुले एकाच टाकीचे पाणी पितात. तेथे एका नमुन्याची हयगय साऱ्या वसतिगृहाला आजारी पाडू शकते.

चवदार तळ्याने पाण्यावरील हक्क मिळवून दिला. ते पाणी निर्धोक आहे का, हे पुराव्यानिशी विचारणे हा त्या हक्काचाच उरलेला भाग आहे.