खरेदी-विक्रीच्या दुकानांत विजेच्या गाड्यांच्या चार्जिंगची सोय करावी काय?

विजेवर चालणाऱ्या गाड्या आतां मोठ्या शहरांपुरत्याच राहिलेल्या नाहींत. हिरव्या पाटीच्या दुचाक्या व मोटारी तालुक्यांच्या रस्त्यांवरही दिसूं लागल्या असून ई-रिक्षा तर नित्याच्या झाल्या आहेत. यामुळें राजुऱ्यासारख्या तालुक्याच्या गांवीं शेतकऱ्यांच्या सहकारी दुकानांपुढें एक नवा प्रश्न उभा राहत आहे. बियाणें, खतें, औषधें व किराणा विकणाऱ्या दुकानाच्या आवारांत चार्जिंगची सोय करावी काय? यंत्रें विकणाऱ्यांचें म्हणणें असें कीं, गिऱ्हाईक गाडी लावील, तेवढा वेळ दुकानांत थांबेल व अधिक माल घेईल. उलटपक्षीं, हें शहरी खूळ असून त्यांत पैसा घालणें व्यर्थ, असेंही बोललें जातें. परंतु दुकानाचें भांडवल सभासदांच्या भागांचें असतें. तें एका हंगामाच्या हौसेनें अडकलें, तर पुढील हंगामांत खताचा माल वेळेवर भरतां येत नाहीं. सबब या प्रश्नाचा निर्णय उत्साहानें किंवा भीतीनें न करितां हिशेबानें केला पाहिजे.

तेल व वीज यांतील भेद

दुकानांत इंधन विकणें ही गोष्ट नवी नव्हे. १८८८ सालीं बर्था बेन्झ या बाईंनीं जर्मनींत मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत मोटारीनें पहिला लांबचा प्रवास केला, तेव्हां वाटेंत वीसलोख येथें त्यांनीं औषधांच्या दुकानांतून इंधन विकत घेतलें. पुढेंही कित्येक वर्षें पेट्रोल डब्यांतून दुकानांत विकलें जात असे. स्वतंत्र पंप मागाहून आले. पेट्रोल कोणाच्या घरीं नसतें, म्हणून तें विकत घेण्यास बाहेर जावेंच लागतें. विजेची गोष्ट निराळी आहे. ज्याच्या घरीं वीज आहे, त्याच्या घरींच इंधनाची टांकी आहे. गाडी रात्रीं अंगणांत उभी असतां ती चार्ज होते व सकाळीं भरलेली निघते. अर्थात् दुकानांत येणारा मनुष्य बहुधा घरून गाडी भरूनच आलेला असतो. त्याला बाहेर लागणारी वीज ती तुटीपुरतीच होय.

यावरून तीन गोष्टी पाहाव्या लागतात: गाडी दुकानापुढें किती वेळ उभी राहते, ती येतांना किती रिकामी असते, आणि दुकानाला मिळणारी वीज किती आहे.

वेळाचा हिशेब

विजेच्या दुचाकीची बॅटरी साधारणतः २ ते ४ युनिटांची असते. शिशाच्या बॅटऱ्यांवर चालणाऱ्या ई-रिक्षेस ५ ते ६ युनिटें लागतात. २०२२ सालीं बाजारांत आलेली टियागो ही लहान मोटार १९.२ व २४ युनिटांच्या बॅटरींची होती. मोठ्या मोटारींस ३० युनिटें व त्याहून अधिक लागतात.

आतां १६ अँपिअरचें साधें चार्जिंग पॉइंट घेतलें, तर तें फार तर ३.३ किलोवॅट वीज देतें. खत व बियाणें घेण्यास गिऱ्हाईक अर्धा तास थांबलें, असें धरूं. तेवढ्या वेळांत मोटारींत सुमारें दीड युनिट जाईल. लहान मोटार एका युनिटांत ६ ते ७ किलोमीटर चालते. म्हणजे अर्ध्या तासांत दहा किलोमीटरांची वीज मिळाली. घरून भरून निघालेली लहान मोटार शंभर किलोमीटरांहून अधिक सहज चालते. राजुऱ्याहून चंद्रपूरला जाऊन येणें सुमारें साठ किलोमीटरांचें आहे. तेव्हां तालुक्यांतल्या तालुक्यांत फिरणाऱ्या मोटारीस दुकानांतील या दहा किलोमीटरांची गरज क्वचितच पडेल.

दुचाकीचें तसें नाहीं. तिचा चार्जर पाऊण किलोवॅटच्या आसपासचा असतो. अर्ध्या तासांत तिच्यांत एक तृतीयांश युनिट जातें. परंतु एका युनिटांत ती तीस किलोमीटर किंवा अधिक चालत असल्यामुळें तेवढ्यावर दहा-बारा किलोमीटर निघतात. रात्रीं वीज गेल्यामुळें ज्याची गाडी अर्धवट भरली, त्या खेड्यांतील शेतकऱ्यास ही वीज गांवीं पोंचण्यास पुरेशी होईल.

दुसरा प्रकार ५० ते ६० किलोवॅटच्या जलद यंत्राचा. हें यंत्र अर्ध्या तासांत, गाडीस तो वेग पेलत असेल तर, वीस-पंचवीस युनिटें देऊं शकतें. वेळाच्या दृष्टीनें हें दुकानास जुळतें खरें. पण येथें पुढची अडचण उभी राहते.

रोहित्राचा हिशेब

आपल्या खेड्यांपाड्यांत व लहान गांवांत बसविलेलीं रोहित्रें बहुधा ६३ किंवा १०० केव्हीए क्षमतेचीं असतात. ६० किलोवॅटचें एक जलद यंत्र पूर्ण वेगानें चालूं लागलें, तर ६३ केव्हीएचें सबंध रोहित्र त्या एकट्यासच लागेल. त्याच रोहित्रावर पिठाची गिरणी, दवाखाना व शेजारचीं घरें असतील, तर त्यांचें काय होईल हें सांगावयास नको. म्हणून असें यंत्र बसवावयाचें, तर स्वतंत्र रोहित्र, नवी तार व मोठ्या भाराची जोडणी यांचा खर्च यंत्राच्या किंमतीवर वेगळा चढतो.

चंद्रपूरचें औष्णिक वीजकेंद्र २,९२० मेगावॅटचें आहे व कोळसा आपल्याच तालुक्यांतून निघतो, मग विजेची वाण कशाची, असें कोणी म्हणेल. परंतु केंद्र जवळ असल्यानें आपल्या फीडरची तार जाड होत नाहीं. वीज किती तयार होते, यापेक्षां दुकानाच्या खांबापर्यंत किती पोंचते, हेंच येथें महत्त्वाचें.

परवान्याची अडचण मात्र नाहीं. चार्जिंगची सेवा देणें म्हणजे वीज विकणें नव्हे, सबब २००३ च्या विद्युत् कायद्याखालीं त्यास परवाना लागत नाहीं, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानें एप्रिल २०१८ मध्येंच केला आहे. अशा केंद्रांसाठीं महाराष्ट्रांत वीजदराचा वेगळा वर्गही आहे. जोडणी घेण्यापूर्वीं त्या दिवशींचा दर व स्थिर आकार वीज कंपनीच्या कार्यालयांत लेखी विचारून घ्यावा.

पैशाचा हिशेब

पुढील आंकडे केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठीं धरलेले आहेत. प्रत्येक दुकानानें त्यांच्या जागीं स्वतःचे आंकडे घालावे.

जलद यंत्र, रोहित्र व बांधकाम मिळून १० लाख रुपये लागले, असें धरूं. व्याजाचे ९० हजार, दहा वर्षांचें आयुष्य धरून झिजेचे १ लाख, आणि दुरुस्ती व स्थिर आकार यांचे ६० हजार, मिळून वर्षाचा खर्च २ लाख ५० हजार रुपये झाला. एका युनिटामागें ५ रुपये सुटले, तर हा खर्च निघण्यास वर्षांत ५० हजार युनिटें, म्हणजे रोज सुमारें १३७ युनिटें खपलीं पाहिजेत. दर मोटारीस २० युनिटें धरलीं, तर पावसाळा, सण व बाजार बंद असण्याचे दिवस धरून रोज सात मोटारी आल्या पाहिजेत. इतक्या आल्या, तरी तोटा होणार नाहीं एवढेंच, नफा त्यापुढें.

याच्या उलट, मीटरसह दोन साधीं पॉइंटें, चांगलें अर्थिंग, गळती-रोधक स्विच व वर पत्र्याची सावली यांस ३० हजार रुपये लागले, असें धरूं. व्याज, झीज व दुरुस्ती मिळून वर्षाचा खर्च १० हजारांच्या आंत येईल. त्याच ५ रुपयांच्या हिशेबानें २ हजार युनिटें, म्हणजे रोज साडेपांच युनिटें गेलीं कीं खर्च निघाला. एक ई-रिक्षा किंवा आठ-दहा दुचाक्यांची तूट एवढ्यांत हें भागतें.

राहिला प्रश्न वाढत्या विक्रीचा. कॅलिफोर्नियांतील सुमारें ४ हजार चार्जिंग केंद्रांच्या आसपासच्या दुकानांचा एक अभ्यास २०२४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत जवळच्या दुकानांतील खरेदी २०१९ मध्यें १.४ टक्क्यांनीं व २०२१ ते २०२३ च्या मध्यापर्यंत ०.८ टक्क्यांनीं वाढलेली आढळली. तो प्रांत विजेच्या मोटारींनीं भरलेला आहे, हें विसरूं नये. तरी तोच ०.८ टक्क्यांचा आंकडा येथें लावून पाहूं. वर्षास एक कोटीची विक्री असलेल्या दुकानाची विक्री ८० हजारांनीं वाढेल. शेंकडा ५ नफा धरला, तर हातीं ४ हजार रुपये पडतील. इंग्लंडांतील टेस्को या मोठ्या दुकानदारांनीं २०१८ सालीं ६०० दुकानांपुढें २,४०० जागांची योजना जाहीर केली व आरंभीं साधी वीज फुकट दिली. परंतु नोव्हेंबर २०२२ पासून तिचे पैसे घेण्यास सुरुवात केली. एवढ्या मोठ्या व्यापाऱ्यासही फुकट वीज परवडली नाहीं, यावरून लहान दुकानानें काय तें समजावें. शिवाय कापडाच्या किंवा किराण्याच्या दुकानांत मनुष्य रेंगाळला तर चार जिन्नस अधिक घेतो. पण गाडी चार्ज होत आहे म्हणून युरियाची एक गोणी कोणी जास्त नेत नाहीं. ती पाऊस व पीक पाहूनच नेली जाते.

गिऱ्हाईक कोण?

पहिलें गिऱ्हाईक म्हणजे नागपूर-चंद्रपूरकडून आसिफाबाद, मंचेरियालकडे जाणारा प्रवासी. त्याला जलद यंत्रच हवें. पण त्याबरोबर चहा, सावली व शौचालयही हवें. खताच्या दुकानांत त्याचें काम नाहीं. केंद्र सरकारनें मार्च २०२३ मध्यें तीन सरकारी तेल कंपन्यांच्या पंपांवर ७,४३२ चार्जिंग केंद्रांसाठीं ८०० कोटी रुपये मंजूर केले, व महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणांत राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरांस चार्जिंगची सोय असावी असें ठरलें आहे. हा प्रवासी पंपावर थांबेल. त्याच्यासाठीं सभासदांनीं आपलें भांडवल गुंतवूं नये.

दुसरें गिऱ्हाईक दुचाकीवर येणारा शेतकरी, व तिसरें दुपारीं गाडी उभी करणारा ई-रिक्षावाला किंवा मालवाहू तीनचाकीवाला. यांस साधें पॉइंट पुरतें.

चौथें गिऱ्हाईक बहुधा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. तें म्हणजे दुकानाची स्वतःची मालगाडी. गांवोगांव खत-बियाणें पोंचविणारी विजेची तीनचाकी घेतली, तर ती सारी रात्र आवारांत उभी राहते व सकाळीं भरलेली मिळते. एस.टी. महामंडळानें जून २०२२ मध्यें पुणें-अहमदनगर मार्गावर विजेची शिवाई बस सुरू केली. अशा बसगाड्यांचें चार्जिंग आगारांत होतें, याचें कारण बस आगारांत आपोआपच उभी असते. गाडी जेथें मुळांतच दीर्घकाळ थांबते, तेथें वीज न्यावी. विजेसाठीं गाडीस थांबवूं नये. या नियमानें पाहतां दुकानापेक्षां कापसाच्या हंगामांत तासन्‌तास रांग लागणारें बाजार समितीचें आवार व आठवडी बाजाराची जागा या चार्जिंगसाठीं अधिक योग्य होत.

ऊन, पाऊस व आग

आपल्या जिल्ह्यांत उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांवर जातो. अशा उन्हांत तापलेली बॅटरी लगेच चार्ज करणें तिच्या आयुष्यास बाधक असतें. म्हणून पॉइंटावर सावली हवीच, व गाडी थोडी निवूं देऊन मगच जोडावी. पावसाळ्यांत पॉइंट जमिनीपासून उंच व झांकलेलें असावें. सर्वांत मोठी सावधगिरी जागेची. खताचें गोदाम, औषधांची खोली, बारदान किंवा कापूस यांच्या भिंतीलगत चार्जिंग कधींही ठेवूं नये. लिथियमच्या बॅटरीस आग लागली, तर ती विझविणें कठीण जातें. तीच आग गोदामांत शिरली, तर गेलेला माल सभासदांचाच असेल. खिडकींतून लोंबणारी तार व घरगुती सॉकेट यांवर गाड्या लावूं देणें हेंही तितकेंच घातक आहे. ३.३ किलोवॅटचा भार तासन्‌तास वाहण्यास जाड तार व १६ अँपिअरचें पक्कें सॉकेटच लागतें.

काय करावें?

(१) प्रथम एक आठवडा, त्यांत बाजाराचा दिवस धरून, दुकानाच्या दारापुढें येणाऱ्या हिरव्या पाटीच्या गाड्या मोजाव्या. दुचाकी, रिक्षा व मोटार यांची वेगळी नोंद ठेवावी, आणि प्रत्येक गाडी किती मिनिटें थांबली तें लिहावें. या कामास एक वही व एक मुलगा पुरे.

(२) रोज पांच-सहा युनिटें खपतील असें त्या वहीवरून दिसलें, तर दोन साधीं पॉइंटें मीटर लावून बसवावीं. वीज फुकट देऊं नये. ज्या सभासदाजवळ गाडी नाहीं, त्याच्या पैशानें दुसऱ्याची गाडी चालविणें सहकाराच्या तत्त्वास धरून नाहीं.

(३) छप्पर मोकळें असल्यास सौर तक्त्यांचा विचार करावा. एक किलोवॅटचे तक्ते दिवसास सरासरीनें ४ युनिटें देतात व सुमारें १० चौरस मीटर जागा घेतात. दुकानांतील चार्जिंग दिवसाच होत असल्यामुळें ही जोड चांगली बसते. आणि चार्जिंग न चाललें, तरी ती वीज दुकानाचे दिवे-पंखे व वजनकांटा यांस उपयोगीं पडतेच.

(४) जलद यंत्रासाठीं कोणी कंपनी स्वतःच्या खर्चानें, स्वतःच्या जोडणीवर यंत्र लावून जागेचें भाडें देत असेल, तर करार वकिलास दाखवून जागा द्यावी. भांडवल व तोट्याची जोखीम मात्र आपल्या माथीं घेऊं नये.

तात्पर्य, दुकानांतील चार्जिंग हें सर्वस्वी खूळही नव्हे व विक्री वाढविण्याचा मंत्रही नव्हे. राजुऱ्याच्या बाजूस आज दुचाकी, रिक्षा व दुकानाची स्वतःची गाडी एवढ्यांपुरती साधी सोय शहाणपणाची आहे. जलद यंत्र सभासदांच्या भांडवलांतून बसविणें शहाणपणाचें नाहीं. गाड्या वाढतील तसा हा हिशेब बदलेल. म्हणून गाड्या मोजण्याची ती वही दर वर्षीं खरीपापूर्वीं व कापसाच्या हंगामांत पुन्हां उघडावी, आणि वार्षिक सभेंत तिचे आंकडे सभासदांपुढें वाचून दाखवावे.