पासिंगची दुसरी फेरी वाचवा!

रावेरमध्ये आयटीआय किंवा बारावी झाली की पुष्कळ पोरांच्या डोक्यात पहिला विचार गाडीचा येतो. कर्ज काढायचं, छोटा हत्ती नाहीतर पिकअप घ्यायची आणि केळीच्या धंद्यात लावायची. बागेतून घड उचलायचे, सावद्याला किंवा रावेरला पोहोचवायचे, मधल्या वेळात सिमेंट, खत, कडबा, जे मिळेल ते वाहायचं. हप्ता निघतो, घरखर्चाला थोडं उरतं. गाडी घेताना मायलेज विचारतात, डाउन पेमेंट विचारतात, व्याज विचारतात. एक प्रश्न मात्र क्वचितच कुणी विचारतं : ‘पासिंग कधी संपतं?’

पासिंग म्हणजे फिटनेस. सरकारी भाषेत योग्यता प्रमाणपत्र. गाडी रस्त्यावर चालवण्याच्या लायकीची आहे, असं तपासून दिलेलं सर्टिफिकेट. ते ज्या दिवशी संपतं, त्या दिवशी गाडीत काहीच बदल दिसत नाही. सेल्फ मारला की सुरू होते, माल भरला की चालते. म्हणून दुर्लक्ष होतं. ‘आपल्या गाडीले काय होते भाऊ’ असं म्हणत महिना जातो, मग दुसरा जातो. आणि हिशेब समोर येतो तेव्हा तो एकदम येतो.

कोणाला, किती वर्षांनी?

इथे बराच गोंधळ आहे, म्हणून आधी तो निस्तरू.

पिवळ्या पाटीची गाडी, म्हणजे भाड्याने माल किंवा माणसं नेणारी, नवी घेतली की पहिली दोन वर्षं फिटनेस असतं. त्यानंतर गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी तपासणी. आठ वर्षं उलटली की दरवर्षी. नोव्हेंबर २०१८ मध्ये केंद्राने नियम बदलला, तेव्हापासून हे असं आहे. त्याआधी पहिल्या दोन वर्षांनंतर दरवर्षीच जावं लागायचं. जुनी ड्रायव्हर मंडळी ‘दरसाल पासिंग’ म्हणतात, ते त्यामुळे. तुमची गाडी सेकंडहँड असेल तर तुम्ही ती कधी घेतली हे मोजू नका, आरसी बुकातली पहिल्या नोंदणीची तारीख मोजा. नऊ वर्षांची पिकअप घेतलेल्या पोराला वाटतं आपली गाडी ‘नवीन’ आहे. कायद्याला ती दरवर्षीची आहे.

पांढऱ्या पाटीची, म्हणजे घरची मोटरसायकल किंवा कार, तिची नोंदणी १५ वर्षं चालते. नंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. वडिलांनी २०१० मध्ये घेतलेली आणि आता तुम्ही कॉलेजला नेता ती बाइक आठवा. तिची मुदत २०२५ मध्ये संपली. वाढवून घेण्याचा अर्ज मुदत संपण्याआधी साठ दिवसांपासून करता येतो.

तुमच्या गाडीची तारीख कळायला कुणाकडे जायची गरज नाही. ‘एम-परिवहन’ ॲपमध्ये गाडीचा नंबर टाका, फिटनेस कधीपर्यंत आहे, विमा कधीपर्यंत आहे, सगळं दिसतं. हा लेख वाचतानाच बघून घ्या.

संपलं तर काय बिघडतं?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५६ सरळ सांगतं : व्यावसायिक गाडीला फिटनेस नसेल तर तिची नोंदणीच वैध धरली जाणार नाही. म्हणजे पाटी लावलेली, आरसी खिशात असलेली गाडी कायद्यापुढे बिननोंदणीची ठरते. कलम १९२ प्रमाणे त्याचा दंड पहिल्या वेळी दोन ते पाच हजार. दुसऱ्या वेळी पाच ते दहा हजार किंवा एक वर्षापर्यंत कैदही.

दंडापेक्षा मोठा धोका विम्याचा. अपघात झाला आणि फिटनेस संपलेलं निघालं, की विमा कंपनी तिथेच बोट ठेवते. केरळ उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१८ मध्ये असं म्हटलं, की फिटनेस नसणं हा विम्याच्या कराराचा मूलभूत भंग आहे. गाडीवर सहा-सात लाखांचं कर्ज, समोरच्याचा जीव गेलेला आणि विम्याने हात वर केलेले. या तीन गोष्टी एकत्र आल्या तर बावीस-तेवीस वर्षांच्या पोराने काय करायचं? शेत विकायचं?

तिसरी गोष्ट उशिराच्या शुल्काची. केंद्राच्या नियमात फिटनेस संपल्यावर रोजचे ५० रुपये जादा शुल्क आहे. वर्ष गेलं तर १८ हजार २५० रुपये. २०२४ च्या उन्हाळ्यात राज्यात त्याची वसुली सुरू झाली, तेव्हा रिक्षा-टॅक्सीवाले ठिकठिकाणी रस्त्यावर उतरले आणि जुलैमध्ये राज्य सरकारने तिला स्थगिती दिली. फीचे आकडेही मधूनमधून बदलतात. गाडी जितकी जुनी, तितकी फी जास्त. म्हणून कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. अर्ज भरताना पोर्टल जो आकडा दाखवतं, तो खरा.

तपासणी जळगावलाच का?

रावेरच्या पोराची खरी तक्रार इथे आहे. आरटीओचा कॅम्प तालुक्याला लागतो, लायसन्सची कामं तिथे होतात. मग पासिंगसाठीच सत्तर किलोमीटर जळगाव कशासाठी?

त्यामागे एक कोर्टाची गोष्ट आहे. पुण्याचे श्रीकांत कर्वे यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. आरटीओत गाड्या धड न तपासताच फिटनेस दिलं जातं, असं त्यांचं म्हणणं होतं. २०१६ मध्ये न्यायालयाने आदेश दिले. गाडीचा ब्रेक चालवून बघायला २५० मीटरचा ट्रॅक हवाच. २०१७ च्या अखेरीस तर जिथे ट्रॅक नाही तिथली तपासणीच थांबली आणि मुंबईतल्या गाड्यांनाही दुसऱ्या कार्यालयांच्या दारात रांगा लावाव्या लागल्या. आता विचार करा, कॅम्पच्या आवारात २५० मीटरचा ट्रॅक कुठून आणायचा?

पुढचं पाऊल स्वयंचलित तपासणी केंद्राचं आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राने त्याचे नियम काढले. तिथे ब्रेक रोलरवर चढवून मोजतात, हेडलाइटचा झोत यंत्राने बघतात, स्पीडोमीटर, सस्पेन्शन, धूर, सगळ्याचा आकडा थेट संगणकात जातो. ‘बघून घ्या साहेब’ म्हणायला समोर कुणी नसतं. मोठ्या गाड्यांना २०२३ पासून आणि लहान-मध्यम गाड्यांना २०२४ पासून ही केंद्रं सक्तीची होणार होती, ती मुदत पुढे ढकलली गेली. पण दिशा ठरलेली आहे. या केंद्रांवर दुसऱ्या जिल्ह्यातल्या, दुसऱ्या राज्यात नोंदवलेल्या गाडीचीही तपासणी करता येते. ज्याचं भाडं सतत बाहेरगावी असतं, त्याने हे लक्षात ठेवावं.

तुमची तपासणी नेमकी कुठे आहे, हे अपॉइंटमेंटच्या पावतीवर असतं. ते नीट वाचा. ऑफिस एकीकडे आणि ट्रॅक दुसरीकडे असू शकतो. ऑफिसच्या गेटवर पोहोचून मग ट्रॅक शोधत फिरण्यात सकाळ जाते.

ब्रेक का?

पालकडून भरलेली गाडी घेऊन उतरलेल्याला हे सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी फेब्रुवारी २०२१ मधली एक रात्र आठवू. पपई भरून रावेरकडे येणारा ट्रक यावल तालुक्यातल्या किनगावजवळ उलटला आणि १५ मजूर गेले. त्यात आभोडा, केऱ्हाळे, रावेर इथली माणसं होती. कुटुंबंच्या कुटुंबं. त्या ट्रकच्या पासिंगचा इथे प्रश्न नाही. माणसं मालावर बसून प्रवास करत होती, आणि मालगाडीत अशी माणसं बसवायला बंदीच आहे. पण आपल्याकडे काय चालतं हे तुम्हालाही ठाऊक आहे. केळी भरायला मजूर गाडीतच जातात, गाडीतच येतात. अशा गाडीचा ब्रेक दोन वर्षांत, वर्षात एकदा तरी कुणीतरी परकं माणूस तपासतं, ही आपल्यासाठी कटकट समजायची की आधार, हे ज्याचं त्याने ठरवावं.

एका फेरीत काम कसं होईल?

रावेर-जळगाव जाऊन-येऊन १४० किलोमीटर. पिकअप लिटरला चौदा देत असेल तर दहा लिटर डिझेल. वर त्या दिवसाचं भाडं बुडालं. एवढं एकदा सोसता येतं. गाडी नापास झाली आणि पुन्हा जावं लागलं, की खर्च दुप्पट होतो. आणि या दुसऱ्या फेरीच्या भीतीवरच ‘तुम्ही फक्त गाडी आणा, बाकी मी बघतो’ म्हणणाऱ्याचं दुकान चालतं. अर्ज भरून द्यायला कुणाची मदत घेतली तर बिघडत नाही. पण ब्रेकवर पाय तुमचाच असणार आहे. म्हणून निघण्याआधी एवढं करा :

• मोबाइल नंबर : ‘वाहन’ पोर्टलवर अर्ज करताना ओटीपी नोंदवलेल्या नंबरवर जातो. तिथे शोरूमवाल्याचा, जुन्या मालकाचा किंवा एजंटचा नंबर असेल तर दरवेळी त्याच्याच मागे फिरावं लागेल. सगळ्यात आधी तो बदलून घ्या.

• कागद : आरसी, चालू विमा, पीयूसी, टॅक्स भरल्याची पावती. एकूण वजन तीन हजार किलोच्या वर असेल तर परमिटही. त्याखालच्या मालगाडीला परमिट लागत नाही. थकलेलं ई-चलन असेल तर आधी मिटवा, नाहीतर अर्जच अडकू शकतो.

• मेकॅनिककडे अर्धा दिवस : ब्रेक लायनर, ब्रेक ऑइल, हँडब्रेक, स्टिअरिंगचा प्ले. गाडी एका बाजूला ओढते का बघा. टायर गुळगुळीत नकोत. चारचाकीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल लागते.

• दहा-वीस रुपयांच्या गोष्टी : गाड्या इथेच जास्त अडकतात. बंद इंडिकेटर, फुटलेली टेललाइट, न चालणारा वायपर, दबलेला हॉर्न, तुटलेला आरसा. आदल्या रात्री एकाला मागे उभं करून प्रत्येक लाइट लावून बघा.

• पाटी आणि पट्टी : हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, मागे-पुढे-बाजूला नियमाप्रमाणे रिफ्लेक्टर पट्टी, म्हणजे आपलं ‘रेडियम’. लागू असेल त्या गाडीला स्पीड गव्हर्नर, आणि तो चालू असलेला.

• चेसिस नंबर : चिखल, ग्रीस पुसून ठेवा. तो वाचता आला नाही तर बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही.

• गाडी रिकामी न्या. ‘जाताना जळगावचं एक भाडं मारून घेऊ’ हा मोह आवरा.

आणि तारीख निवडताना केळीचा हंगाम बघा. कापणी जोरात असताना एक दिवस काढणं जिवावर येतं आणि काम ढकललं जातं. तुमची तारीख हंगामात पडत असेल तर त्याआधीच्या मोकळ्या दिवसांत अपॉइंटमेंट घ्या.

एवढं करूनही नापास झालीच, तर वाद घालत बसू नका, पण कारण लेखी मागा. ते देणं कायद्याने बंधनकारक आहे. ‘ब्रेक बरोबर नाही’ एवढं तोंडी ऐकून परत आलात तर मेकॅनिक अंदाजाने काहीतरी खोलेल. कागदावर ‘मागचा डावा ब्रेक कमी’ असं असेल तर तेवढंच काम होईल.

जवळ केंद्र का नको?

एक गोष्ट आपल्या पिढीने मागायला हवी. जळगाव हा लांबट जिल्हा आहे. रावेर त्याच्या एका टोकाला, मध्य प्रदेशच्या हद्दीवर. रावेर, यावल, मुक्ताईनगर, भुसावळ या चार तालुक्यांतल्या गाड्या एकत्र मोजा. केळीची वाहतूक, भुसावळची रेल्वे आणि औष्णिक वीज केंद्राची कामं, शाळांच्या गाड्या, रिक्षा. भुसावळच्या आसपास एक स्वयंचलित केंद्र झालं तर रावेरच्या गाडीचे जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर वाचतील. २०२१ च्या नियमांत असं केंद्र सरकारनेच काढावं असं बंधन नाही. अटी पूर्ण करणारी कंपनी, संस्था किंवा व्यक्तीही ते चालवू शकते. वाहनचालकांच्या संघटनांनी, केळी उत्पादकांच्या संस्थांनी हे मागणीपत्रात लिहायला हरकत नाही. माल रस्त्यावर अडकला तर नुकसान त्यांचंही आहे.

केंद्र येईल तेव्हा येईल. तोवर एक सोपी युक्ती. एका गावातल्या तीन-चार गाड्यांची मुदत जवळपास संपत असेल तर एकाच दिवसाची अपॉइंटमेंट घ्या. आदल्या दिवशी एकाच मेकॅनिककडे सगळ्या गाड्या बघून घ्या, एकमेकांचे लाइट तपासा, पहाटे सोबत निघा. एखाद्याचा बल्ब गेला तर दुसऱ्याच्या डिकीत निघतो. एखाद्याची झेरॉक्स राहिली तर दुसऱ्याला दुकान माहीत असतं. ज्याचं पासिंग पहिल्यांदाच आहे, त्याला तर असं कुणी सोबत हवंच.

मोबाइल हातात आहे ना? नंबर टाका, तारीख बघा आणि तिच्या दोन महिने आधीचा अलार्म लावून ठेवा.