उपाशी प्रवास स्वस्त नसतो

कुणी चुलीपाशी असाल, कुणी रानातून परतत असाल, कुणी गटाच्या बैठकीला जमला असाल. आहात तिथूनच ऐका. आज बोलायचंय प्रवासाबद्दल. तिकीट कुठं वाचवायचं आणि पोटाला काय घालायचं, एवढंच.

आमचा गट पहिल्यांदा मुंबईला प्रदर्शनात माल विकायला निघाला तेव्हाची गोष्ट. आम्ही सहाजणी आणि शेंगा चटणी, कडक भाकरीचे खोके. सोलापूरहून रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरली. गाडीतल्या संडासात जायला नको म्हणून संध्याकाळपासूनच सगळ्यांनी पाणी बंद केलं. सकाळी उतरलो, तर बाहेरचं महाग म्हणून नुसत्या चहावर राहिलो. दुपारी माल मांडता मांडता आमच्यातल्या एक मावशी चक्कर येऊन खाली बसल्या. दवाखाना, सलाईन, रिक्षा मिळून अठराशे रुपये गेले. त्या दिवसाची कमाईसुद्धा तेवढी नव्हती. आणि गंमत बघा, भाकरीचे खोके शेजारीच होते!

बाईची काटकसर आधी स्वतःच्या ताटावर येते. पण पोट मारून वाचवलेला पैसा दवाखान्यात जातो. खरी बचत निघण्याआधीच्या तयारीत आहे.

आधी तिकिटाचं बघू. १७ मार्च २०२३ पासून आपल्या एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे. साध्या लाल गाडीपासून शिवशाहीपर्यंत सगळीकडे ते चालतं. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मं तिकीट आणि ७५ च्या पुढच्यांना मोफत. त्यांच्या वयाचा पुरावा मात्र जवळ हवा. ही सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच आहे. गाणगापूरला किंवा विजापूरला जायचं तर हद्दीपलीकडचं पूर्ण भाडं द्यावं लागतं. कर्नाटकच्या गाडीत बायकांना मोफत प्रवास आहे, पण तो तिकडच्या रहिवासी बायकांना. म्हणून अक्कलकोटला जाताना समोर दोन्हीकडच्या गाड्या उभ्या असतील, तर आपली एसटी धरा.

रेल्वेत ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. आरक्षण करताना मात्र वय बरोबर सांगा. ४५ वर्षांवरच्या बायकांना जागा असेल तर खालचा बर्थ देतात. गुडघे दुखणारीला त्याचं मोल विचारा! आरक्षण आता ६० दिवस आधी सुरू होतं. प्रदर्शनाची तारीख कळली की त्याच आठवड्यात तिकीट काढून टाका. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला वेगळा बर्थ मागितला तर पूर्ण भाडं पडतं, नाही मागितला तर निम्मं.

आता डबा. प्रवासाचा डबा आपल्या सोलापूरकडून शिकावा. कडक भाकरीत पाण्याचा अंश राहत नाही, म्हणून ती कित्येक दिवस टिकते. शेंगा चटणी कोरडी, तिलाही काही होत नाही. दुधात भिजवलेली दशमी, धपाटे हे दुसऱ्या दिवसापर्यंत चालतात. पण डब्यात भरण्याआधी पूर्ण गार होऊ द्या. गरम भरलं की वाफ धरते आणि बुरशी येते. प्लॅस्टिकच्या पिशवीपेक्षा सुती फडकं बरं. भात, उसळ, ओल्या खोबऱ्याची चटणी नेऊ नका. उन्हाळ्यात ते चार-पाच तासांतच आंबतं. कांदा अख्खा न्या आणि खाताना फोडा. सोबत गूळ-शेंगदाणे ठेवा.

डबा संपला तर काय? फलाटावर वडापावाच्या गाडीकडे वळण्याआधी रेल्वेच्या स्टॉलवर 'जनता खाना' मागा. १५ रुपयांत सात पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी, असा तो ठरलेला आहे. काही स्थानकांवर जनरल डब्यासमोर २० रुपयांत पुरी-भाजी-लोणचं मिळतं. स्वस्त वस्तू पुढं मांडत नाहीत, म्हणून नाव घेऊन मागायची. 'रेल नीर'ची एक लिटरची बाटली सप्टेंबर २०२५ पासून १४ रुपयांना आहे. कुणी वीस मागितले तर छापील किंमत दाखवा आणि बिल मागा. रेल्वेचाच नियम आहे, बिल नाही तर पैसे नाहीत. तक्रारीसाठी १३९ क्रमांक लावायचा.

एसटी रस्त्यात हॉटेलवर थांबते, तिथं महामंडळाने नेमलेल्या थांब्यावर ३० रुपयांत चहा-नाश्ता द्यायचा असं ठरलेलं आहे. तेही विचारल्याशिवाय कळत नाही. शहरात उतरल्यावर शिवभोजन केंद्र चालू असेल तर दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात मिळतो. ते केंद्र दुपारी असतं, म्हणून आधी चौकशी करा. भाव बदलत राहतात, म्हणून फलक वाचायची सवय ठेवा. एकीला वाचता येत नसेल तर दुसरीने वाचून दाखवायचं.

आता जरा लांबचं सांगते. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली जखमी सैनिकांच्या सेवेला चीनला गेले आणि १९४२ साली तिथंच वारले. त्या चीनमध्ये आज रेल्वे स्टेशनावर आणि गाडीतही उकळत्या पाण्याचा नळ असतो, फुकट. तिकडची माणसं झाकणाची बाटली आणि चहाची पत्ती घेऊन निघतात. शेवयांचा वाडगा आणतात, त्यात ते पाणी ओतलं की झालं जेवण. भलीमोठी स्टेशनं, पण गरीब माणूस तिथं उपाशी राहत नाही, कारण पाणी स्टेशनचं आणि शिधा घरचा.

आपल्याकडे तसा नळ नाही. पण घरून थर्मास भरून नेता येतो. भाजलेल्या रव्यात फोडणी, मीठ, साखर घालून कोरडा उपमा न्या, गरम पाणी ओतून झाकून ठेवा, पाच मिनिटांत तयार. थर्मास गार पडला तर चहावाल्याकडून एक ग्लास उकळतं पाणी घ्या, दोन-पाच रुपये द्या. गाडीत विजेची किटली लावू नका, त्याला मनाई आहे. स्टोव्ह, रॉकेल नेणं तर गुन्हाच आहे.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. पाणी प्या. लघवी दाबून धरली की जळजळ सुरू होते, ताप येतो. गाडी सुटण्याआधी स्टेशनवर जाऊन या. रात्री दोघी मिळून जा, एक दाराशी उभी राहील. साबणाचा तुकडा, एक जुनं फडकं जवळ असू द्या. उतरल्यावर तिकीट फेकू नका, ते दाखवून महिलांच्या प्रतीक्षालयात बसता येतं, तोंड धुता येतं. अंगावर पिणारं बाळ असेल तर एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष विचारा. थकवा वाटला तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्यायचं. चमचे सपाट हवेत.

यंदा आम्ही पुन्हा गेलो. गटाच्या वहीत प्रवासखर्चाच्या पानावर 'जेवण' असा वेगळा रकाना आखला, आणि खोक्यातला एक खोका विकायचा नाही, आपला, असं निघतानाच ठरवलं. मावशी तीनही दिवस दुकानावर उभ्या होत्या.

तुमच्या गटाच्या वहीतही तो रकाना आखा, मैत्रिणींनो.