अवजारांचें पाणी आणि सारखी आंच

मोत्याला पाणी असतें, तलवारीला पाणी असतें, आणि एखाद्या करारी माणसाच्या अंगीं तें असतें, असें आपण नेहमीं म्हणतों. लोहाराच्या साळेंत मात्र या शब्दाला अलंकाराचा स्पर्श नाहीं. तेथें 'पाणी देणें' म्हणजे लाल तापलेलें पोलाद एकदम थंड करून कठीण करणें. पण एवढ्यानें काम पुरें होत नाहीं. असें कठीण झालेलें पातें कांचेसारखें ठिसूळ असतें; म्हणून तें पुन्हां बेतानें तापवून त्याचा ठिसूळपणा काढावा लागतो. या दुसऱ्या आंचेविषयीं, आणि ती सगळ्या पात्यास सारखी कशी लागावी याविषयीं, मला आज आपणांशीं चार शब्द बोलावयाचे आहेत.

प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु एकाच लोहारानें, एकाच पोलादापासून, एकाच दिवशीं घडविलेल्या दोन कोयत्यांपैकीं एक दोन हंगाम टिकतो आणि दुसऱ्याच्या धारेचा कपचा आठ दिवसांत उडतो, हा अनुभव शेतकऱ्यास नवा नाहीं. तो लोखंडास दोष देतो, नाहीं तर लोहारास. पुष्कळदां दोष दोघांचाहि नसतो. आंच पात्यावर सारखी पसरलेली नसते, एवढेंच.

पुणें जिल्ह्याच्या उत्तरेस जुन्नर व आंबेगांव हे दोन तालुके एकमेकांस लागून आहेत. अवजारांची परीक्षा पाहणारा यांहून चांगला मुलूख क्वचितच सांपडेल. पश्चिमेस नाणेघाट व भीमाशंकर यांच्या बाजूला डोंगरउतार, धो धो पाऊस, भात आणि नाचणी. तेथें राबासाठीं फांद्या तोडावयास कोयता, भात कापावयास विळा, आणि मुरमाड जमीन फोडावयास कुदळ. पूर्वेस पाऊस कमी. पण येडगांव, माणिकडोह, वडज, डिंभें आणि पिंपळगांव जोगें या कुकडी प्रकल्पाच्या पांच धरणांनीं तेथील शिवार हिरवें केलें आहे. तेथें कांदा, टोमॅटो, द्राक्षें आणि ऊंस. जुन्नर तालुक्यांत निवृत्तिनगरचा विघ्नहर आणि आंबेगांव तालुक्यांत पारगांवचा भीमाशंकर, असे दोन सहकारी साखर कारखाने आहेत. ऊंसतोडीच्या मजुरांत नवराबायकोच्या जोडीस 'एक कोयता' असें म्हणतात, आणि मजुरी तोडलेल्या उंसाच्या वजनावर मिळते. अवजाराच्या नांवानेंच जेथें माणसांची गणती होते, तेथें धार उडाली म्हणजे काय होतें हें सांगावयास नको. त्या दिवसाची मजुरी बुडतेच, शिवाय उडालेला कपचा हातांत किंवा डोळ्यांत शिरण्याचें भय असतें तें निराळेंच.

या भागांत धातूच्या कारागिरीला मोठी परंपरा आहे. जुन्नरच्या लेण्यांतील सुमारें अठराशें वर्षांपूर्वींच्या शिलालेखांत धान्यविक्रेते, बुरूड आणि कांसार यांच्या श्रेणींकडे देणग्या ठेविल्याचे उल्लेख आहेत. पुढें गांवगाड्यांत लोहार हा बलुतेदार झाला. सुगीच्या वेळीं धान्य घेऊन तो वर्षभर फाळ व विळे पाजवून देत असे. गाडीवर बिऱ्हाड घेऊन फिरणारे घिसाडी हेहि याच विद्येचे धनी. आज बलुतें राहिलें नाहीं, भात्याच्या जागीं बहुतेक ठिकाणीं विजेचा पंखा आला आहे, आणि पोलाद येतें तें मोडीत निघालेल्या मालमोटारींच्या कमानींचे पाटे कापून. हें पोलाद उत्तम असतें. त्यांत शेंकडा अर्ध्याहून थोडा अधिक कर्ब असतो. मात्र कारखान्यानें त्याला दिलेलें पाणी लोहाराच्या भट्टींत शिरतांच नाहींसें होतें, आणि तें नव्यानें देणें त्यालाच भाग पडतें.

आतां हें पाणी म्हणजे काय तें पाहूं. पोलाद सुमारें ८०० ते ८५० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापविलें म्हणजे त्यांतील कर्ब लोखंडांत विरघळून जातो. ही वेळ ओळखण्याची एक सोपी खूण आहे. सुमारें ७७० अंशांवर पोलाद लोहचुंबकास चिकटेनासें होतें. त्याच्या थोडें पुढें जावें. या अवस्थेंत तें तेलांत किंवा पाण्यांत बुडविलें कीं कर्बाला बाहेर पडावयास अवधि मिळत नाहीं. तो लोखंडाच्या कणांत कोंडला जातो आणि सगळी रचना ताणलेल्या तारेसारखी होते. आडोल्फ मार्टेन्स या जर्मन शास्त्रज्ञाच्या नांवावरून या रचनेस मार्टेन्साइट असें म्हणतात. ती अत्यंत कठीण, पण तितकीच ठिसूळ. कमानीच्या पाट्याचें पोलाद पाण्यांत बुडविल्यास तडा जाण्याचा संभव असतो. म्हणून त्याला तेलच बरें.

दुसऱ्या आंचेनें हा ताण सैल होतो. २०० अंशांच्या पुढें कोंडलेला कर्ब हळूहळू बाहेर पडूं लागतो. काठिण्य थोडें उतरतें आणि चिवटपणा पुष्कळ वाढतो. किती तापलें हें कळण्याची सोय निसर्गानेंच करून ठेविली आहे. घांसून पांढरें केलेलें पोलाद तापूं लागलें म्हणजे त्याच्यावर गंजाचा अतिसूक्ष्म पापुद्रा चढतो, आणि त्याच्या जाडीप्रमाणें रंग दिसतात. पाण्यावर सांडलेल्या तेलाच्या थेंबांत दिसतात तसेच. सुमारें २२० अंशांवर वाळल्या गवताचा फिकट पिवळा, २४० वर गडद पिवळा, २६० वर तपकिरी, २८० वर जांभळा, आणि ३०० वर निळा. जुन्या घड्याळांतील निळे कांटे व निळे स्क्रू आपण पाहिले असतील. तो रंग लावलेला नसून आंचेनें आलेला असतो.

कोणत्या अवजारास कोणता रंग, हें काम ठरवितें. भाताच्या मऊ काडीवर चालणाऱ्या विळ्यास गडद पिवळ्यापासून तपकिरीपर्यंत पुरे. उंसाच्या कोयत्यास त्याहून थोडा पुढचा रंग चांगला. लांकडाचा घाव सोसणाऱ्या कुऱ्हाडीस जांभळा किंवा निळा. आणि मुरमांतील दगडावर आदळणाऱ्या कुदळीच्या टोंकास व नांगराच्या फाळास निळा. म्हणजे घाटमाथ्यावरचें पाणी आणि कालव्याखालचें पाणी एक असून चालत नाहीं.

येथेंच खरी अडचण उभी राहते. कोयत्याचें पातें सर्व ठिकाणीं एका जाडीचें नसतें; पाठ जाड, धार पातळ, टोंक त्याहून पातळ. तें विस्तवावर धरलें कीं पातळ भाग झटकन तापतो आणि जाड भाग मागें राहतो. भट्टीच्या मध्यावरचा भाग अधिक तापतो, दोन्हीं टोंकें निवांत असतात. परिणाम असा कीं एकाच धारेवर मध्यें निळा रंग येतो आणि टोंकाशीं अजून पांढरेंच असतें. मध्यें धार वळते, टोंकाशीं कपचा उडतो. वीस अंशांचा फरक म्हणजे एका रंगाचा फरक. आणि वीस अंश म्हणजे विस्तवावर कांहीं क्षणांचाच खेळ.

सारखी आंच म्हणजे सगळें पातें एका रंगाचें, असा अर्थ मात्र करूं नये. पाठ निळी होऊन चिवट झाली तर तें इष्टच आहे. घावाचा धक्का तीच सोसते. सारखेपणा पाहिजे तो धारेच्या लांबीवर, मुठीपासून टोंकापर्यंत. ज्या रेषेवर काम पडतें त्या रेषेवर एकच रंग असला पाहिजे.

हें साधण्यासाठीं जाणते लोहार धार विस्तवाकडे करीत नाहींत. ते निखाऱ्यांची एकसारखी पसरट शेज करतात, वारा बंद ठेवतात, आणि पात्याची पाठ खालीं करून तें पुढेंमागें सावकाश फिरवीत राहतात. त्याहून चांगली युक्ति म्हणजे जाड लोखंडी ठोकळा लाल करून बाहेर काढावयाचा आणि त्याच्यावर पाठ टेकवून पातें सरकवीत राहावयाचें. ठोकळ्याची उष्णता ज्वाळेसारखी लहरी नसते. पाठीकडून रंगांची लाट धारेकडे चालत येते. जेथें ती पुढें धांवूं लागेल तेथून पातें किंचित् उचलावयाचें. जेथें मागें राहील तेथें क्षणभर थांबावयाचें. धारेवर हवा तो रंग येतांच पातें पाण्यांत बुडवावयाचें, कारण पाठींत सांठलेली उष्णता अजून पुढें येतच असते. हें काम सावलींत करावें; उन्हांत पिवळा आणि तपकिरी यांतला भेद दिसत नाहीं.

हाताच्या या कौशल्यास एक स्वस्त मदतनीस आहे, आणि ती म्हणजे वाळू. फुटाणेवाला चणे नुसत्या कढईंत न भाजतां तापल्या वाळूंत कां घोळवितो, याचा आपण कधीं विचार केला आहे काय? नुसत्या कढईंत चण्याची एक बाजू करपते. वाळू त्याला सर्व बाजूंनीं वेढून आंच देते. पात्याचेंहि तसेंच. जाड लोखंडी कढईंत कोरडी, बारीक वाळू घालून मंद आंचेवर ढवळीत तापवावी, आणि पात्याची पाठ तींत सर्वत्र सारख्या खोलीवर रोवावी. धार वर ठेवावी, म्हणजे रंग दिसत राहतो. तळाची वाळू अधिक तापते, म्हणून पातें तळास टेकूं देऊं नये. वेळ थोडा अधिक लागतो, पण चूक होण्यापूर्वीं सांवरावयास अवसर मिळतो. जेथें वीज भरंवशाची आहे तेथें तापमान धरून ठेवणारी विजेची भट्टी याहूनहि उत्तम. मात्र तींत सगळें पातें एकच पाणी घेतें; पाठ वेगळी मऊ करावी लागते. तसेंच, अधिक वेळ ठेवल्यास रंग थोड्या कमी तापमानावरहि पुढें सरकतो. म्हणून तेथें रंगापेक्षां मापक यंत्रावर विश्वास ठेवावा.

आंच सारखी लागली कीं नाहीं, हें पाहण्यास मोठी प्रयोगशाळा नको. बारीक कानशीचा कोपरा धारेवर चार ठिकाणीं सारख्याच दाबानें फिरवून पाहावा. चारी ठिकाणीं ती थोडी चावली तर पाणी सारखें. एके ठिकाणीं कांचेवरून घसरावी तशी घसरली तर तेथें ठिसूळपणा उरला आहे. दुसऱ्या ठिकाणीं लोण्यासारखी रुतली तर तेथलें पाणी उतरलें आहे.

शहरांतील श्रोत्यांस हें सर्व दूरचें वाटूं नये. आपल्या घरच्या विळीचें पातें याच नियमानें बांधलेलें आहे. दारावर येणारा धारवाला वेगानें फिरणाऱ्या चाकावर तें जोरानें दाबतो आणि ठिणग्यांचा फुलबाजा उडतो, तेव्हां धारेवर कोठें निळा डाग उठतो काय, इकडे लक्ष द्यावें. तो डाग म्हणजे तेवढ्या जागेचें पाणी उतरल्याची खूण होय. तेथील धार पुढें वारंवार बोथट होईल, आणि आपण पोलादास नांवें ठेवूं. धारवाल्यास हलक्या हातानें, मधून मधून पाण्यांत बुडवून धार लावावयास सांगावें. तो कुरकुरेल, पण विळी दुवा देईल.

आणि जुन्नर, नारायणगांव किंवा मंचरच्या बाजूस कधीं जाणें झालें, व रस्त्याच्या कडेला घण घालणारा कारागीर दिसला, तर कोयत्याचा भाव करतांना त्याचें वजन तोलूं नये. पाट्याचें लोखंड तर मोडींतच मिळतें. आपण दाम देतों तें त्या कांहीं क्षणांबद्दल, ज्या क्षणांत त्यानें रंगांची लाट धारेच्या कांठावर एका रेषेंत थांबविलेली असते.